मेडिकल स्कूलच्या अर्जाआधी जीपीए वर आणायचाय? सोपे कोर्स कुठले घ्यावेत, किती आणि कधी

भारतात मेडिकलला जाणाऱ्या मुलाचं भवितव्य नीटच्या रँकवर ठरतं. खुल्या प्रवर्गातल्या मुलाला बारावीला पीसीबीत ५० टक्के पडले की तो पात्र झाला. पुढे ते मार्क कुणी काढून बघत नाही. अमेरिकेत गणित वेगळं आहे. इथे एमडीला (इथली ती डॉक्टरकीची पहिलीच पदवी) जाण्याआधी साधारण चार वर्षांचं कॉलेज करावं लागतं आणि त्या चार वर्षांत घेतलेल्या प्रत्येक कोर्सची ग्रेड अर्जात उतरते. पहिल्या सेमिस्टरला घर सोडून आल्यावर गडबडलेली केमिस्ट्रीही उतरते आणि हौसेने घेतलेलं सिरॅमिक्सही. त्यामुळे भारतात शिकलेल्या आईबाबांना इथल्या मुलांची चिंता नीट कळत नाही, आणि मुलांना आईबाबांचा ‘एंट्रन्सला कसून अभ्यास कर, बाकी होईल’ हा सल्ला लागू पडत नाही.

मग दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी, जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेडची ४ पैकी सरासरी, ३.३ च्या आसपास रेंगाळायला लागला की घराघरात तोच प्रश्न येतो : चार सोपे विषय घेऊन आकडा वर ओढता येईल का?

येतो, पण थोडाच. शिवाय बहुतेकांना जो आकडा वर यायला हवा असतो, तो सोप्या कोर्सने जागचा हलत नाही. सोप्या कोर्सचा खरा उपयोग वेगळा आहे : ज्या सेमिस्टरला ऑर्गॅनिक केमिस्ट्री किंवा फिजिक्स आहे, त्या सेमिस्टरला तो तुमचे आठवड्याचे पाच-सहा तास वाचवतो. ते तास तुम्ही अवघड विषयात घातलेत तर जीपीए खरोखर वाढतो. हे नुसतं पटून भागणार नाही, कागदावर मांडून बघावं लागेल. म्हणून आधी हिशेब करू आणि मग निवडीकडे येऊ.

पहिलं काम : कॉलेजचा जीपीए बाजूला ठेवा आणि अर्जाचा जीपीए काढा

बहुतेक एमडी कॉलेजांचे अर्ज ॲमकास या एकाच सेवेमार्फत जातात. ती एएएमसी ही अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची संघटना चालवते. ऑस्टिओपॅथिक म्हणजे डीओ (डॉक्टरकीचीच दुसरी पदवी) कॉलेजांसाठी ॲकोमास आहे, आणि टेक्ससमधल्या सरकारी मेडिकल कॉलेजांसाठी टीएमडीएसएएस. या तिन्ही सेवा तुमच्या कॉलेजने काढलेला जीपीए धरत नाहीत. सगळ्या ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजच्या गुणपत्रिका) मागवून स्वतःच्या नियमाने नव्याने बेरीज करतात. म्हणून पोर्टलवर दिसणारा आकडा आणि अर्जातला आकडा यांत फरक पडू शकतो, कधीकधी चांगलाच.

ॲमकासमध्ये ए म्हणजे ४.०, ए-मायनस ३.७, बी-प्लस ३.३, बी ३.०, बी-मायनस २.७, सी-प्लस २.३. तुमचं कॉलेज ए-प्लसला ४.३ देत असेल तरी इथे ते ४.० च धरलं जातं. क्वार्टर पद्धतीच्या, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोटी सत्रं असलेल्या कॉलेजचे क्रेडिट (कोर्सचं वजन) दोन-तृतीयांश करून सेमिस्टरच्या मापात आणतात. टेक्ससचा नियम आणखी निराळा आहे : टीएमडीएसएएस प्लस-मायनस मानतच नाही. तिथे ए-मायनसचे पूर्ण ४.० मिळतात, पण बी-प्लसचे मात्र ३.०. ह्यूस्टन-डॅलसकडच्या मुलांनी दोन्ही पद्धतींनी हिशेब करून बघावा. ज्याच्या खात्यात ए-मायनस भरपूर आहेत त्याला हा नियम लाभतो. ज्याच्याकडे बी-प्लसची रांग आहे त्याला तो महागात पडतो.

काही गोष्टी पालकांच्या ध्यानात येत नाहीत, त्या इथेच सांगतो. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजमधून (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजातून) ड्युअल एनरोलमेंटचे कोर्स केले असतील तर त्या ग्रेडही धरल्या जातात. पंधराव्या वर्षी मिळालेला बी-मायनस तिथेच बसून असतो. एपी परीक्षेचे (हायस्कूलमध्ये देतात ती कॉलेजच्या पातळीची परीक्षा) क्रेडिट मात्र जीपीएत येत नाहीत. पास-फेल घेतलेल्या कोर्सचे तास दिसतात, आकड्यावर परिणाम होत नाही. आणि कोर्स पुन्हा केला तर दोन्ही वेळच्या ग्रेड मोजल्या जातात. कॉलेज जुनी ग्रेड पुसून नवी लावत असलं तरी ॲमकास ती पुसत नाही. डीओच्या अर्जात पूर्वी नवीन ग्रेड जुनीची जागा घ्यायची. ती सवलत २०१७ पासून बंद झाली. ‘डीओला रिपीट चालतं, जुनं उडतं’ असा सल्ला मोठी मुलं अजूनही देतात. तो जुना झालाय.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा दोन जीपीएंचा. ॲमकास एकूण जीपीए तर काढतंच, शिवाय बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ या चार विषयांचा वेगळा काढतं. त्याला बीसीपीएम म्हणतात. मुलं बोलताना ‘सायन्स जीपीए’ म्हणतात. उरलेलं सगळं ‘इतर’मध्ये जातं. कोर्स कुठे मोडतो हे डिपार्टमेंटच्या नावावर नाही, आत काय शिकवतात यावर ठरतं. स्टॅटिस्टिक्स कुठल्याही विभागाने शिकवलं तरी ते मॅथमध्ये, म्हणजे बीसीपीएममध्ये. न्यूरोसायन्स बायॉलॉजीत, ॲस्ट्रॉनॉमी फिजिक्समध्ये. पण सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, कॉम्प्युटर सायन्स, न्यूट्रिशन, जिऑलॉजी हे सगळं ‘इतर’. न्यूट्रिशन सायन्सच आहे असं समजून दोन-दोन कोर्स घेणाऱ्या मुलांची इथे निराशा होते.

आता एक स्प्रेडशीट करा. एका ओळीत एक कोर्स : क्रेडिट, ग्रेड, ग्रेडचे गुण, क्रेडिट गुणिले गुण, आणि बीसीपीएम की इतर. शेवटी दोन बेरजा आणि दोन भागाकार. तासाभराचं काम आहे आणि ते मुलाने स्वतः करावं. पालकांनी करून दिलं तर आकडे त्याच्या डोक्यात उतरत नाहीत.

दुसरं काम : किती वाढेल ते आधीच बघा

समजा तिसरं वर्ष संपलं आहे, ९० क्रेडिट झाले आहेत आणि एकूण जीपीए ३.३ आहे. त्यातले ४८ क्रेडिट बीसीपीएमचे, तिथे ३.१, उरलेले ४२ इतर विषयांचे, तिथे साधारण ३.५३. असं चित्र फार मुलांचं असतं : इंग्लिश, इतिहास बरा आणि सायन्स ओढाताणीचं.

आता तीन क्रेडिटचा एक सोपा कोर्स घेतला आणि ए मिळाला. एकूण जीपीए ३.३० चा ३.३२ झाला. भरलेल्या हंड्यात चमचाभर साखर घालावी तसं हे होतं. असे चार कोर्स केले, बाराही क्रेडिटला ए, तर ३.३८. आणि बीसीपीएम? ३.१ होता, ३.१ च राहिला.

तेच बारा क्रेडिट बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, फिजिऑलॉजी अशा तीन सायन्स कोर्समध्ये घालून ए मिळवले तर एकूण जीपीए तेवढाच, ३.३८. पण बीसीपीएम ३.१ वरून ३.२८ वर येतो. कष्ट अर्थातच जास्त आहेत, पण अर्ज वाचणारा बघतो तो आकडा हलला.

पहिल्या वर्षाच्या मुलाचं गणित वेगळं. त्याचे ३० क्रेडिट झालेत, जीपीए ३.२ आहे. त्याला एकच तीन क्रेडिटचा ए ३.२७ वर नेतो. म्हणून लवकर सावरणं स्वस्त पडतं आणि उशिरा सावरायला वर्षं लागतात. वरच्या ३.३ वाल्या मुलाने चौथ्या वर्षी तीसच्या तीस क्रेडिटला ए मिळवले तरी तो ३.४८ वर पोचतो.

लक्ष्य काय ठेवायचं? एमडीला प्रवेश मिळालेल्या मुलांचा सरासरी जीपीए अलीकडच्या वर्षांत ३.८ च्या जवळ आहे आणि एमकॅट या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची सरासरी ५२८ पैकी सुमारे ५१२. डीओकडे जीपीएची सरासरी साधारण ३.६. या सरासऱ्या आहेत, उंबरठे नव्हेत. यापेक्षा कमी आकड्यांवर दरवर्षी बरीच मुलं जातात. एएएमसी दरवर्षी जीपीए आणि एमकॅट यांचा एकत्र तक्ता प्रसिद्ध करतं. तुमचा जीपीए आणि अपेक्षित स्कोअर जिथे छेदतात तो चौकोन शोधा. मग जीपीएत पाच शतांश वाढवण्यासाठी सेमिस्टर खर्च करावं, की तेच तीन महिने एमकॅटला द्यावेत, हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

आता मघाचा तासांचा मुद्दा आकड्यांत बघा. फिलॉसॉफीचा जड कोर्स, जिथे तुम्हाला बी-प्लस मिळाला असता, त्याऐवजी सोपा कोर्स घेऊन ए मिळवला. तीन क्रेडिटवर कमाई २.१ गुणांची. पण त्या बदलामुळे वाचलेले तास ऑर्गॅनिकमध्ये गेले आणि तिथली सी-प्लस होणारी ग्रेड बी-प्लस झाली, तर चार क्रेडिटवर ४ गुणांची कमाई. शिवाय ती दोन्ही जीपीएंत जमा होते. सोपा कोर्स घेऊन वाचलेले तास झोपेत आणि फोनवर गेले तर हातात फक्त ते २.१ राहतात.

तिसरं काम : सोपा म्हणजे कुणाला सोपा, हे शोधा

‘ईझी ए’च्या याद्या प्रत्येक कॅम्पसवर फिरतात. त्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ज्याला लिहायला आवडतं त्याला साहित्याचा कोर्स सोपा. ज्याला पाच पानी निबंध लिहायला तीन रात्री लागतात त्याला तोच कोर्स ऑर्गॅनिकपेक्षा जड. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना स्टॅटिस्टिक्स सोपं जातं आणि चर्चेवर मार्क देणारा सेमिनार अवघड. स्वतःचा स्वभाव ओळखून निवडा.

माहिती कुठे मिळते? काही सरकारी विद्यापीठांच्या जुन्या ग्रेडचे आकडे सगळ्यांना बघता येतात. विस्कॉन्सिन-मॅडिसनसाठी ‘मॅडग्रेड्स’ आहे, बर्कलीसाठी ‘बर्कलीटाइम’. तिथे कुठल्या प्रोफेसरच्या वर्गात किती टक्के मुलांना ए मिळाला हे दिसतं. एकाच कोर्सचे दोन प्रोफेसर असतील तर फरक चकित करणारा असू शकतो. तुमच्या कॉलेजचे आकडे उघड नसतील तर ‘रेट माय प्रोफेसर्स’ बघा, पण तिथले तारे मोजू नका, मजकूर वाचा. ‘फार बोअर शिकवतो पण परीक्षा सरळ’ हा शेरा तुमच्या कामाचा आहे.

मग सिलॅबस मागा. मागच्या वर्षीचा चालेल. बहुतेक प्रोफेसर ईमेल केल्यावर देतात. त्यात चार गोष्टी बघायच्या. ए किती टक्क्यांना, ९० ला की ९३ ला. ग्रेड कर्व्हवर, म्हणजे वर्गातल्या इतरांच्या तुलनेत, आहे का. तीनशे मुलांचा वर्ग आणि कर्व्ह असेल तर बाकी सगळी प्री-मेड (मेडिकलला जाऊ पाहणारी) मुलंही तिथे ‘सोपं’ म्हणूनच आलेली असतात, आणि मग ते सोपं राहत नाही. मार्क कशात विभागलेत : दोन परीक्षांवर शंभर टक्के असतील तर एका वाईट दिवसात सगळं जातं, दर आठवड्याच्या छोट्या कामांवर असतील तर सांभाळता येतं. आणि चौथी गोष्ट, फायनलची तारीख ऑर्गॅनिकच्या फायनलला खेटून तर नाही ना.

याहून चांगली निवड म्हणजे दोन कामं करणारा कोर्स. २०१५ पासून एमकॅटच्या चार भागांपैकी एक भाग सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजीवर आहे. त्यामुळे या दोन विषयांचे प्राथमिक कोर्स जीपीएला हात देतात आणि परीक्षेची तयारीही करून घेतात. स्टॅटिस्टिक्स बऱ्याच मेडिकल कॉलेजांना हवं असतं आणि ते बीसीपीएममध्ये मोजलं जातं. मला विचाराल तर सोप्याच्या यादीत ते पहिलं असावं. लेखनाचा एक कोर्स तसाही लागतोच. आरोग्याशी जोडलेलं मानववंशशास्त्र किंवा मेडिकल एथिक्स यांचा मुलाखतीत बोलायला फार उपयोग होतो.

भाषेबद्दल आपल्या मुलांना एक मोह होतो : घरी मराठी-हिंदी ऐकत वाढलोय, हिंदीचा पहिला कोर्स घेऊन टाकू. अनेक विद्यापीठांत हिंदी आणि संस्कृत आहे. शिकागो आणि पेनसिल्व्हेनियासारख्या काही ठिकाणी मराठीही शिकवली गेली आहे. पण भाषा विभाग आधी प्लेसमेंट टेस्ट घेतात, आणि घरात भाषा असलेल्या मुलांना सहसा वरच्या किंवा वेगळ्या वर्गात बसवतात. टेस्टमध्ये मुद्दाम कमी येतंय असं दाखवू नका. ते अप्रामाणिक आहे, आणि पहिल्याच आठवड्यात तुमच्या उच्चारांवरून प्रोफेसरांना कळतं. खरी पातळी सांगून वरच्या वर्गात जा. तिथे वाचन-लेखन शिकावं लागेल, पण कानाला भाषा असल्याने ते झेपतं. पुढे पेशंटशी बोलताना हिंदी-मराठी आली तर ती कुठल्याही ग्रेडपेक्षा जास्त उपयोगाची आहे, म्हणून हा कोर्स मनापासून करावा असं मला वाटतं.

चौथं काम : सेमिस्टरची मांडणी

जड सेमिस्टर असं दिसतं : ऑर्गॅनिक लॅबसकट ४, फिजिक्स लॅबसकट ४, सेल बायॉलॉजी लॅबसकट ४, वर तीन मोठे निबंध मागणारी फिलॉसॉफी ३. एकूण पंधरा, कागदावर साधंच. प्रत्यक्षात आठवड्यातल्या तीन दुपारी लॅबमध्ये जातात आणि लॅब रिपोर्ट रात्री. सेल बायॉलॉजी आणि फिलॉसॉफी पुढच्या सेमिस्टरला ढकला. त्या जागी स्टॅटिस्टिक्स ३ आणि सोशिऑलॉजी ३ घ्या. चौदा क्रेडिट होतात, फुल-टाइमचा बारा क्रेडिटचा नियम पाळला जातो, आणि दोन लॅबना पुरेसा वेळ उरतो. लॅबचे तीन विषय एका सेमिस्टरला, हे ज्याची पकड आधीच घट्ट आहे त्यानेच करावं.

उलट टोकही टाळा. सायन्स एकही नाही, सगळे सोपे, असं सेमिस्टर ट्रान्सक्रिप्टवर उठून दिसतं. एका वेळी एक किंवा दोन, नेहमी अवघड विषयाच्या सोबत.

उन्हाळ्यात कोर्स घ्यायचा असेल तर सोपाच घ्या. पंधरा आठवड्यांचा विषय पाच आठवड्यांत दाबलेला असतो; त्यात ऑर्गॅनिक घेणं म्हणजे रोज एक प्रकरण. कम्युनिटी कॉलेजमधल्या ग्रेडही जीपीएत धरल्या जातात आणि खर्च कमी येतो. इतर विषयांसाठी ती उत्तम सोय आहे. पण चार वर्षांच्या कॉलेजात शिकत असताना मुख्य सायन्स नेमकं तेवढंच बाहेर जाऊन केलं तर अर्ज वाचणारे कारण शोधतात. काही मेडिकल कॉलेजं आवश्यक विषय ऑनलाइन केलेले मान्य करत नाहीत. नोंदणीआधी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी इथे फार जपावं. बारा क्रेडिटच्या खाली गेलं की व्हिसाचा प्रश्न उभा राहतो, आणि त्या बारांत ऑनलाइन कोर्स साधारण एकच धरला जातो. कोर्स सोडण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारायचं, नंतर नाही.

सेमिस्टर सुरू झाल्यावर

पहिल्या एक-दोन आठवड्यांत ॲड-ड्रॉपची मुदत असते. तोवर सोडलेला कोर्स ट्रान्सक्रिप्टवर येतच नाही. म्हणून एक कोर्स जास्तीचा नोंदवून दोन्ही वर्गांत बसून बघणं शहाणपणाचं. मुदत संपल्यावर सोडला तर डब्ल्यू (‘विथड्रॉ’, मध्येच सोडल्याची खूण) लागतो. तो जीपीएत मोजला जात नाही पण दिसतो. चार वर्षांत एखादा डब्ल्यू असला तर कुणी अडवत नाही. दर सेमिस्टरला एक असेल तर प्रश्न येतो. मिडटर्मनंतर सी-मायनस समोर दिसत असेल तर डब्ल्यू बरा, कारण आवश्यक विषयात बहुतेक मेडिकल कॉलेजांना किमान सी हवा असतो आणि सी-मायनस आला की पुन्हा करणं आलंच.

सी आलेला विषय पुन्हा करावा का? माझं मत, सहसा नाही. दोन्ही ग्रेड मोजल्या जाणार असतील तर जनरल केमिस्ट्री पुन्हा करून ए मिळवण्यापेक्षा बायोकेमिस्ट्रीत ए मिळवा. गुण तेवढेच मिळतात, आणि खालचा पाया पक्का झाल्याचा पुरावा वरच्या विषयातून मिळतो.

सोपा कोर्स पास-फेल घेऊ नका. ज्यासाठी घेतला तो ए-च हिशेबात येत नाही.

आणखी एक फायदा शिफारसपत्रांचा. पुष्कळ मेडिकल कॉलेजं दोन सायन्सच्या आणि एक सायन्सबाहेरच्या प्रोफेसरचं पत्र मागतात. सोशिऑलॉजीच्या छोट्या वर्गात नियमित बोलणारा, ऑफिस अवर्सना जाणारा मुलगा किंवा मुलगी त्या प्रोफेसरला ओळखीची होते. तिसरं पत्र कुणाकडून घ्यायचं, हा प्रश्न तिथेच सुटतो.

अर्जाच्या वर्षी

ॲमकासचा अर्ज मे महिन्यात उघडतो आणि मेअखेर-जूनच्या सुरुवातीला सादर करता येतो. सादर केला त्या दिवसापर्यंतच्याच ग्रेड जीपीएत येतात. तिसऱ्या वर्षानंतर अर्ज करणाऱ्याच्या चौथ्या वर्षाच्या ग्रेड त्यात नसतात. फार तर पुढे पत्राने कळवता येतात. म्हणून ज्याची गाडी आत्ता कुठे रुळावर आली आहे, त्याने चौथं वर्ष पूर्ण करून मग अर्ज करावा. एक वर्ष मागे पडलो असं आपल्याकडे घरी वाटतं, नातेवाईकही विचारतात. पण इथे मेडिकलला प्रवेश घेणाऱ्यांचं सरासरी वय २४ च्या आसपास असतं. थांबणं हा इथे नेहमीचा रस्ता आहे.

अर्जात प्रत्येक वर्षाचा जीपीए वेगळा दिसतो. पहिलं वर्ष २.९, दुसरं ३.३, तिसरं ३.७, चौथं ३.९ असा चढ असेल आणि तो चढ अवघड सायन्सवर मिळवला असेल, तर वाचणारा थांबून बघतो. तोच चढ फक्त सोप्या विषयांवर असेल तर कोर्सची नावं समोर असतात.

पदवी झाल्यावरही जीपीए खाली असेल तर दोन मार्ग आहेत आणि त्यांत गफलत करू नका. पोस्ट-बॅक म्हणजे पदवीनंतर केलेले पदवीच्याच पातळीचे कोर्स. ते तुमच्या पदवीच्या जीपीएत मिसळतात. स्पेशल मास्टर्स हा पदव्युत्तर अभ्यास आहे. त्याचा जीपीए वेगळा लिहिला जातो आणि जुना आकडा तसाच राहतो. सायन्स जीपीए ३.० च्या खाली असेल तर आधी पोस्ट-बॅकचा विचार करा. मास्टर्स महाग आहे, आणि तिथे ग्रेड बिघडल्या तर त्यानंतर दाखवायला फारसं काही उरत नाही.

अर्ज करायचा त्या वर्षी एप्रिलमध्येच सगळ्या कॉलेजांच्या ट्रान्सक्रिप्ट स्वतःसाठी मागवा; हायस्कूलमध्ये केलेल्या कम्युनिटी कॉलेजचीही. त्या समोर ठेवून प्रत्येक कोर्स, क्रेडिट आणि ग्रेड अर्जात जशीच्या तशी भरा, आणि स्टॅटिस्टिक्स, बायोकेमिस्ट्री, न्यूरोसायन्स हे बीसीपीएममध्ये नोंदलेत ना हे तपासा. पडताळणीला गर्दीच्या दिवसांत काही आठवडे लागतात, आणि नोंदीत चुका असतील तर अर्ज परत येऊन ते आठवडे वाढतात.